पाय मुरगळलासुद्धा नाही, तरी चवड्याचं हाड दुसऱ्यांदा मोडलं. आता नेमकं काय तपासायचं?

धायरीकर

नमस्कार मंडळी. पत्नीसाठी विचारतोय. वय ४६, पाळी चालू आहे. मागच्या वर्षी डाव्या पायाचं दुसरं मेटाटार्सल (चवड्याचं लांब हाड) मोडलं, आता उजव्या पायाचं तिसरं. पडणं, मुरगळणं, पायावर काही जड पडणं यातलं काहीच झालेलं नाही. चालणं म्हणाल तर तळजाई टेकडीवर अर्धा-पाऊण तास, तेही बरंचसं सपाटीवर. पहिलं हाड जुळायला चार महिने लागले.

रिपोर्ट असे: कॅल्शियम ८.८, व्हिटॅमिन डी १३, अल्कलाइन फॉस्फटेज २४६ (लॅबची वरची मर्यादा १२०), हिमोग्लोबिन १०.९, थायरॉइड आणि शुगर ठीक. डेक्सात (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) मणक्याचा टी-स्कोअर −२.७, खाली 'ऑस्टिओपोरोसिस' असं छापलेलं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींमुळे अंगावर जास्त जातं, म्हणून गेल्या १४ महिन्यांत तीनदा सलाइनमधून लोह दिलंय.

डीची ६०,००० युनिटची पुडी आणि अलेंड्रोनेट ७० मिग्रॅ, दोन्ही आठवड्यातून एकदा, असं लिहून दिलंय. अजून काहीच सुरू केलेलं नाही. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणून गोळ्या चालू करायच्या, की आधी आणखी काही बघायला हवं? आणि तोवर पायाचं काय करायचं? तिसरा मजला, लिफ्ट नाही.

अस्थिविचार

पुडी आणि गोळी अजून फोडली नाहीत ते बरंच झालं. आधी तपासणीला रक्त द्या, मग औषध. उलटं केलं की मूळ चित्र पुसट होतं.

या रिपोर्टातला सगळ्यात बोलका आकडा अल्कलाइन फॉस्फटेजचा आहे, डेक्साचा नव्हे. निव्वळ ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तिन्ही सहसा नॉर्मल येतात. हाड मोडल्यावर फॉस्फटेज थोडं चढतं हे खरं, पण एका बारीकशा मेटाटार्सलसाठी ते दुप्पट होत नाही. ते यकृतातूनही येतं, म्हणून जोडीला जीजीटी करा. जीजीटी नॉर्मल आलं तर फॉस्फटेज हाडातलंच धरायचं.

डेक्साचं म्हणाल तर वय ४६ आणि पाळी चालू, म्हणजे टी-स्कोअर (तरुण हाडांशी तुलना) इथे लावायचाच नसतो. झेड-स्कोअर (त्याच वयाच्या हाडांशी तुलना) बघायचा. तो −२ किंवा त्याखाली असेल तर 'वयाच्या मानाने खनिज कमी' एवढंच म्हणता येतं. मशीनने छापलं म्हणजे निदान झालं असं नाही. शिवाय डेक्सा फक्त खनिज मोजतं, ते का कमी आहे हे त्याला कळत नाही. ऑस्टिओमलेशियात, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या आजारातही आकडा खालीच येतो. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर ऑस्टिओपोरोसिसमध्ये काँक्रीट पक्कं असतं पण खांब बारीक आणि मोजके. ऑस्टिओमलेशियात खांब जागेवर असतात, पण सळ्यांभोवतीचं काँक्रीट धरलेलंच नसतं. अलेंड्रोनेट हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरतं, ओलं काँक्रीट घट्ट करत नाही. वर डी १३ असताना ते दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरण्याची भीती: ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं वळणं. ही गोळी तूर्त थांबवता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, परस्पर ठरवू नका.

रिपोर्टात फॉस्फरस नाही, हे खटकतं. तो बऱ्याच पॅकेजमध्ये नसतोच, वेगळा सांगून करावा लागतो. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्या, जेवणाने आकडा हलतो. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तर फॉस्फरस खोटाच वर दिसतो, तसा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्या. त्याच वेळी पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं हार्मोन), क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, आणि त्याच सकाळच्या लघवीत फॉस्फरस व क्रिएटिनिन. अल्ब्युमिन अशासाठी, की ते ४ च्या खाली असेल तर दर १ ग्रॅमला कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचायचं असतं.

आता ते लोह. डिस्चार्ज कार्डावर किंवा बिलावर औषधाचं नाव शोधा. 'फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज' असेल तर धागा तिथून सुटू शकतो. या औषधाने काही जणांच्या रक्तात एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन वाढतं आणि मूत्रपिंड फॉस्फरस धरून ठेवायचं सोडून देतं. एका डोसानंतर साधारण दोन आठवड्यांनी फॉस्फरस तळाला जातो आणि बहुतेकांचा आपोआप वर येतो. पण डोस पुन्हा पुन्हा पडले तर तो महिनोन्‌महिने खालीच राहतो, आणि मग मेटाटार्सल, बरगड्या, खुबा अशा ठिकाणी चिरा पडतात. आयर्न सुक्रोजने असं होण्याचं प्रमाण फार कमी.

काळापांढरा

वरच्या प्रतिसादाला +१. एक्स-रे फिल्मच्या बाजूने थोडं.

आधी शब्दांचा घोळ. सशक्त हाडावर नेहमीपेक्षा फार जास्त भार पडून चीर गेली तर ते थकव्याचं फ्रॅक्चर. सैनिकांच्या पायात ते १८५५ मध्येच नोंदलं गेलं, म्हणून 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव. वर्षभर खुर्चीत बसून आषाढी वारीत पुणे–सासवड टप्पा दिवे घाटासकट एका दमात चालल्यावर चवडा सुजतो, तो या जातीचा. रोजच्याच भाराने कमकुवत हाड चिरलं तर ते इनसफिशियन्सी फ्रॅक्चर, आणि वहिनींचं तेच दिसतंय. तिसरी जात म्हणजे हाडातल्या गाठीतून, सिस्टमधून किंवा जंतुसंसर्गाच्या जागेतून मोडणं. पायाच्या बोटाचं हाड किरकोळ ठेचेने मोडलं आणि फिल्मवर त्यात पोकळी, आत बारीक चुनखडीसारखे ठिपके दिसले, तर बहुधा एनकॉन्ड्रोमा. ती गाठ साधी असते. फ्रॅक्चर जुळू देतात आणि मग खरवडून हाडाची भर घालतात. कडा वाळवीने खाल्ल्यासारख्या असतील तर मात्र बायोप्सीआधी काहीही खरवडू द्यायचं नाही.

दोन्ही पायांचा एक्स-रे एकत्र काढा: समोरून, तिरका आणि बाजूने, जमेल तेवढं वजन देऊन उभं राहून. पहिले दोन-तीन आठवडे फिल्म कोरी येऊ शकते. रेडिओलॉजिस्टला 'ऑस्टिओमलेशियाची शंका, लूझर झोन आहेत का पाहा' असं चिठ्ठीवर लिहून हवं. लूझर झोन म्हणजे हाडाच्या कडेला काटकोनात गेलेली, पांढुरक्या काठाची अर्धवट चीर. आजूबाजूला कॅलस (जुळताना धरणारं नवं हाड) जवळजवळ नाही आणि कित्येकदा दुसऱ्या पायात तश्शीच जोडीदार. साध्या स्ट्रेस फ्रॅक्चरला तीन आठवड्यांत कापसाच्या बोळ्यासारखा कॅलस धरतो. महिने उलटूनही तो धरत नसेल तर दोष चालण्यात नसून खनिजात आहे असं समजायचं.

एमआरआय लागलाच तर साधा पुरतो, स्टिर सीक्वेन्स (हाडातली सूज दाखवणारी पद्धत) मात्र हवाच. गाठ नसेल तर रंगद्रव्याच्या इंजेक्शनचे पैसे वाचवा. आणि कुणी पूर्ण अंगाचा बोन स्कॅन केला, त्यात बरगड्या, पाय, कंबर असे दहा-बारा ठिपके पेटलेले दिसले, तर लगेच 'कॅन्सर पसरला' म्हणून हातपाय गाळू नका. ऑस्टिओमलेशियाचा स्कॅन असाच दिसतो आणि तसा चुकीचा वाचलाही जातो. फॉस्फरसचा आकडा शेजारी ठेवून वाचायला सांगा.

टाचचवडा

पायाचं आणि जिन्याचं माझ्याकडून.

दुसरं, तिसरं, चौथं मेटाटार्सल जागेवर असेल तर प्लास्टर सहसा लागत नाही. कडक, न वाकणाऱ्या तळाचा बूट किंवा वॉकर बूट ४ ते ६ आठवडे, दुखणार नाही इतपत वजन देत. मऊ हाडात हाच काळ दुप्पट धरा. पाचव्या मेटाटार्सलचा बुडखा किंवा घोट्यापुढचं नॅव्हिक्युलर मोडलं असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे रक्तपुरवठा तोकडा, हाड जुळता जुळत नाही. वजन पूर्ण बंद आणि सर्जनकडेच.

वॉकर बुटाने तो पाय दोन-अडीच सेंटीमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात साधी स्लिपर असली की आठवड्यात कंबर धरते, तेव्हा चांगल्या पायात जाड तळाचा बूट. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात (निम्मे लोक उलट धरतात). जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. तिसरा मजला म्हणजे दिवसात एकच फेरी, आणि बूट घालूनच.

उकिडवं बसू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना सगळा भार वाकलेल्या चवड्यावर येतो, नेमका मोडलेल्या जागी. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. ओट्याशी फरशीवर अनवाणी उभं राहणं बंद, रबरी तळाची चप्पल घरातही. अंगठ्याची सपाट चप्पल नको, ती पायातून सुटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि मेटाटार्सल वाकतात. तेल लावून चोळणं अजिबात नाही. सूज 'उतरवायला' म्हणून केलेल्या मालिशने जागेवरची चीर सरकते.

पुन्हा चालणं केव्हा, तर हाडावर बोटाने दाबून दुखलं नाही की. सपाटीवर १० मिनिटं, दर तीन-चार दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखलं तर एक पायरी मागे. टेकडी सगळ्यात शेवटी.

टाचेबद्दल सांगून ठेवतो, कारण तिथे हमखास फसगत होते. मऊ हाडाच्या माणसाला टाच दुखली की 'प्लांटार फॅशियायटिस' (तळव्यातल्या पट्ट्याची सूज) म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून दाबा. तसं दाबून कळ आली तर कॅल्केनियममध्ये, म्हणजे टाचेच्या हाडात, चीर असू शकते, इंजेक्शनआधी एमआरआय मागा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असलेल्यांनी तर नक्कीच. त्या औषधाने टाचेला आणि घोट्याच्या वर पट्ट्यासारख्या चिरा पडतात आणि औषध चालू असेतो त्या दाद देत नाहीत.

नाचणीसत्त्व

कुणीतरी 'कोवळ्या उन्हात बसवा आणि नाचणी खायला घाला' म्हणणारच, त्याआधीच लिहिते. कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन हवं, म्हणजे पुण्यात साधारण अकरा ते दोन. हात-पाय उघडे, १५-२० मिनिटं, सावळ्या त्वचेला आणखी थोडं. काच लावून बंद केलेल्या बाल्कनीतलं ऊन उपयोगाचं नाही, ते किरण काचेतून येत नाहीत. आणि डी १३ नुसत्या उन्हाने भरून निघत नाही, पुडी लागेलच. ती दुधातून किंवा जेवणानंतर. सहसा ८ आठवडे दर आठवड्याला एक, मग महिन्याला एक. तेवढ्यात कुणी ६ लाख युनिटचं इंजेक्शनही वर देत असेल तर हात धरा. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३६० मिग्रॅ कॅल्शियम. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर १८०, त्यातलंही फायटेटमुळे सगळं अंगी लागत नाही. २०० मिली दुधात साधारण २४०. दिवसाची गरज १००० ची, हिशोब तुम्हीच करा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तास ठेवा, लोहाची गोळीही कॅल्शियमसोबत नको.

पर्वतीपायथा

याच धाग्यात विचारतो. सासऱ्यांना मधुमेह पंधरा वर्षं. पाऊल लाल, गरम, सुजलेलं, पण दुखत फारसं नाही. जखम नाही, ताप नाही. एक्स-रेत मधल्या भागात बारीक फ्रॅक्चर म्हणतात. दहा दिवस अँटिबायोटिक झालं, फरक शून्य. हेही ठिसूळ हाडच का?

टाचचवडा

@पर्वतीपायथा, हे वेगळं आणि तुमचं काम जास्त घाईचं. उलट सिद्ध होईपर्यंत शार्को फूट समजा आणि आजपासून त्या पायावर उभं राहणं बंद. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये हा प्रकार मज्जारज्जूच्या आजारात मांडला, आज त्याचं मुख्य कारण मधुमेह. पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून मोडलेल्या हाडावर माणूस आरामात चालतो. आत दाह चालू राहतो, हाडं भुसभुशीत होतात आणि तळव्याची कमान खाली कोसळते. एकदा तळवा होडीच्या बुडासारखा झाला की तिथे जखम ठरलेली.

घरी बघण्यासारखं: आडवं झोपवून पाय ५ ते १० मिनिटं उंच धरा. लाली ओसरली तर शार्कोकडे कल, तशीच राहिली तर जंतुसंसर्गाकडे. कपाळाला धरतात त्या थर्मामीटरने दोन्ही पावलांचं एकाच जागी तापमान घ्या. फरक २ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर आत धग आहे. क्लिनिकमध्ये १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (टेकवून बघायचा नायलॉनचा धागा) संवेदना आणि पायाचा रक्तपुरवठा तपासतील.

उपचार म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. पहिलं काही दिवसांतच बदलावं लागतं, कारण सूज झपाट्याने उतरते आणि सैल कास्टच आत घासून जखम करतं. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी. एकूण काळ महिन्यांत मोजायचा, दोन्ही पायांचं तापमान सारखं होऊन टिकेपर्यंत. काढता येणारा बूट दिला तर रात्री लघवीला उठताना तो हटकून घातला जात नाही, आणि चार अनवाणी फेऱ्यांत महिन्याची कमाई जाते. देवळात, देवघरातही अनवाणी नाही. दुसऱ्या पावलावरही लक्ष ठेवा, सगळा भार आता त्याच्यावर आहे.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. उपाशीपोटी फॉस्फरस १.७ (लॅबची मर्यादा २.५ ते ४.५), क्रिएटिनिन ०.७, पीटीएच ९२ (वरची मर्यादा ६५), जीजीटी २१, अल्ब्युमिन ४.१. लघवीत फॉस्फरस ४८, क्रिएटिनिन ८०. लोह फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजच निघालं, प्रत्येकी १००० मिग्रॅ, शेवटचा डोस पाच आठवड्यांपूर्वी. आणखी एक, ती आता सांगतेय की महिनाभर उजव्या जांघेतही दुखतं, पाय वाकडा टाकते म्हणून असेल असं वाटलं होतं.

अस्थिविचार

हिशोब इथेच मांडतो, डॉक्टरांना दाखवता येईल. लघवीतला फॉस्फरस गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन: ४८ × ०.७ = ३३.६. रक्तातला फॉस्फरस गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन: १.७ × ८० = १३६. भागाकार ०.२५. म्हणजे मूत्रपिंड ७५ टक्के फॉस्फरस परत घेतंय, २५ टक्के सोडून देतंय. रक्तात १.७ असताना त्याने ८५-९० टक्क्यांच्या वर धरून ठेवायला हवा होता. ०.७५ × १.७ = १.२८, हा टीएमपी/जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड फॉस्फरस किती धरतं त्याचा आकडा, आणि तो साधारण २.५ च्या वर हवा. गळती मूत्रपिंडातून आहे, खाण्यात कमी पडलं म्हणून नाही.

गळतीची कारणं इथे दोन दिसतात: लोहाचं ते औषध, आणि डी कमी असल्यामुळे चढलेलं पीटीएच. पीटीएचही फॉस्फरस बाहेर टाकतं. तेव्हा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज पुन्हा नको. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा, कारण पुढचा डोस स्त्रीरोग विभागातून लिहिला जाईल आणि हाडांची फाइल तिथे कुणी उघडणार नाही. लोह लागेलच, तर आयर्न सुक्रोज किंवा तोंडावाटे, आणि फायब्रॉइडचा निकाल लावा, नाहीतर हे चक्र थांबत नाही. रक्त देऊन झालंय, आता डीची पुडी सुरू करायला हरकत नाही. फॉस्फेटची पावडर किंवा कॅल्सिट्रिऑल (डीचं तयार रूप) द्यायचं का हे एंडोक्रिनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाने, ठरवावं. फॉस्फेटने पोट बिघडतं, पीटीएच आणखी चढू शकतं, आणि कॅल्शियमबरोबर घेतलं तर दोन्ही वाया.

फॉस्फरस दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. ते लोह बंद करून, डी भरून तीन-चार महिने झाले तरी तो वर येत नसेल तर एफजीएफ-२३ आणि गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनचा विषय निघेल. हे हार्मोन सोडणारी एखादी वाटाण्याएवढी गाठ कधी कधी पावलातच दडलेली असते, म्हणून तळवे आणि बोटांच्या बेचक्या आत्ताच चाचपून बघा. कावीळ ब साठी टेनोफोविर किंवा ॲडेफोविर चालू असेल तर तेही सांगा, त्यांनीही मूत्रपिंड असंच गळतं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: अल्कलाइन फॉस्फटेज फार खाली असेल, म्हणजे सतत ३०-३५ च्या आत, आणि मेटाटार्सल वारंवार मोडत असतील, तर तो हायपोफॉस्फटेशिया हा जन्मजात आजार असू शकतो. लॅब वरच्या आकड्याला ठळक करते, खालच्याकडे कुणी बघत नाही. त्यात अलेंड्रोनेट जातीची औषधं देत नाहीत.

काळापांढरा

जांघेचं दुखणं ऐकल्यावर पावलाचा विषय आता दुसरा. फॉस्फरस १.७ आणि जांघ दुखतेय, म्हणजे खुब्याच्या मानेत चीर नाही हे याच आठवड्यात बघायला हवं. साध्या एक्स-रेत ती निसटते. चिठ्ठीवर 'कंबर व दोन्ही खुबे, कोरोनल स्टिर, इनसफिशियन्सी फ्रॅक्चरची शंका' असं लिहून घ्या, नुसतं 'पाय दुखतो' लिहिलं तर पावलाचाच एमआरआय होईल. चीर मानेच्या खालच्या कडेला असेल तर वजन बंद ठेवून बहुतेकदा भागतं. वरच्या कडेला असेल तर ती उघडून खुबा सरकण्याआधी स्क्रू घालावे लागतात. तोवर वॉकर किंवा दोन कुबड्या, उजव्या पायावर भार नाही, आणि जिना चढणं-उतरणं पूर्ण बंद. स्कॅनला नेताना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणा.